‘नक्को’चे ‘नको’ केले, त्याची गोष्ट

आमच्याकडे येणाऱ्या गोष्टी आता बहुतेक मोबाइलवर टाइप केलेल्या असतात. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात शाळेच्या लाँगबुकाची नऊ पाने, दोन्ही बाजूंनी निळ्या बॉलपेनने लिहिलेली, पोस्टाने आली तेव्हा ती हातात घेऊन आम्ही जरा वेळ बसूनच राहिलो. पाठवणाऱ्या बाई देवगाव फाटा, तालुका सेलू, जिल्हा परभणी इथल्या. सोबतच्या चिठ्ठीत एवढेच होते : ‘पहिलीच गोष्ट आहे. चुका असतील, त्या दुरुस्त करून घ्याव्यात.’

हे वाक्य नव्या लेखकांच्या जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीत असते. ते वाचले की आमचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. या वेळी त्या पेनाने काय केले ते वाचकांना सांगायला हवे. चूक आमची होती, आणि आपल्या घराघरांत जी मुले-मुली काही लिहू पाहतात त्यांच्याशी तिचा संबंध आहे.

गोष्ट साधी होती. फाट्यावर पंक्चरचे दुकान, मागे दोन खोल्यांचे घर. भाद्रपदातली रात्र, ओढ्याला पूर, पुलावरून पाणी. एस.टी. पुढे जाऊ शकत नाही. ड्रायव्हर, कंडक्टर आणि प्रवासी दुकानाच्या पत्र्याखाली येऊन उभे राहतात. घरातली आई आतून विचारते, किती माणसे आहेत? मग ती घरातले सगळे तांदूळ आणि मुगाची डाळ एका पातेल्यात घालते. रात्रभर माणसे खातात, पेंगतात, बिड्या ओढतात. पहाटे पाणी उतरते, गाडी निघून जाते. आई थाळ्या घासायला घेते आणि मोजते. एक थाळी कमी आहे. तिच्या जहेजमधली, नाव घातलेली. गोष्ट सांगणारी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. ती रडायला लागते. आई म्हणते, ‘थाली गई तो जान दे. नाम तो मेराच है उसपो.’

बस, इथे गोष्ट संपत होती.

आता आम्ही काय केले ते ऐका. सुरुवातीला पावसाचे अर्धे पान वर्णन होते, ते तसेच ठेवले, कारण ‘वातावरणनिर्मिती’ झाली होती. संवाद सगळे दखनीत होते. आमच्यातले एक जण चांगली उर्दू जाणतात. त्यांना ‘मेरेकू नक्को’ खटकले. त्यांनी ते ‘मुझे नहीं चाहिए’ केले. मग पाने दुसऱ्या टेबलावर गेली. तिथे विचार झाला की आपली मुले मराठी शाळेत शिकतात, इतके उर्दू कशाला? ‘मुझे नहीं चाहिए’चे ‘मला नको’ झाले. म्हणजे ‘नक्को’ हा शब्द आमच्या कार्यालयात दोन टेबले फिरला आणि मधला एक ‘क’ तेवढा गमावून बाहेर पडला. त्या दिवशी यातला विनोद कुणाच्याच लक्षात आला नाही.

शेवटी तर आम्ही फारच मन लावून काम केले. चांगल्या माणुसकीच्या गोष्टीत थाळीची चोरी कशाला, असे वाटले. शिवाय थाळी नेली कुणी? प्रवाशांपैकी कुणी तरी. ते कोण होते, कुठल्या समाजाचे होते, असा प्रश्न उठला तर? थाळीला फाटा दिला. त्या जागी ड्रायव्हरकाका डोळे पुसत म्हणतात की माणुसकीहून मोठे काही नाही, असा एक परिच्छेद घातला. अशी वाक्ये आम्हाला झोपेतही लिहिता येतात.

छापण्याआधी पान लेखिकेला दाखवायची आमची पद्धत आहे. आठ दिवसांनी उत्तर आले. ‘गोष्ट चांगली झाली आहे. पण यातली बाई माझी अम्मी नाही. अम्मीला जाऊन चार वर्षे झाली. तिचा फोटो एकच आहे, तोही रेशन कार्डावरचा. ती कशी बोलायची तेवढेच माझ्याजवळ होते, ते मी लिहिले होते. तुमच्या नावाने छापा, माझे नाव काढा.’

यावर पत्र लिहून भागण्यासारखे नव्हते. आम्ही फाट्यावर जायचे ठरवले.

जालन्याहून मंठ्यामार्गे जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर देवगाव फाटा लागतो. इथून एक रस्ता सेलूकडे उतरतो. गाडी बदलणारे, गाडीची वाट पाहणारे, गाडी चुकलेले, अशी फाट्यावर कायमची माणसे कमी आणि जाणारी-येणारी जास्त. चहाची हॉटेले, टायरची दुकाने, भज्यांचा घाणा. लेखिकेला आम्ही इथे बाजी म्हणू. त्यांचे नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे. वडिलांचे पंक्चरचे दुकान आता भाऊ चालवतो आणि बाजी फाट्यावरच सासरी राहतात. घरी त्यांचे सासरे होते, पंच्याहत्तरीच्या पुढचे, डोळ्यांना कमी दिसणारे. त्यांना आम्ही चाचा म्हणालो. चहा येण्याआधीच त्यांनी विचारले, ‘इस्लाह करने आए, की माफी मांगने?’

दोन्हीसाठी, असे आम्ही म्हणालो. चाचा हसले. मग पुढचा तासभर इस्लाहवरच बोलणे झाले. त्यांचे वडील निजामाच्या काळात कचेरीत कारकून होते आणि गझला लिहून टपालाने हैदराबादला उस्तादांकडे पाठवत. कागद परत यायचा तो अर्धा कापलेला, बाजूला बारीक अक्षरात दुरुस्ती. ‘अब्बा वो कागज सँभालके रखते थे, शादी की तस्वीर के जैसा,’ चाचा म्हणाले.

ज्यांनी हा शब्द मशिदीतल्या बयानात, समाजसुधारणेच्या संदर्भातच ऐकला आहे त्यांना नवल वाटेल, पण उर्दू कवितेत इस्लाह म्हणजे उस्तादाने शागिर्दाच्या शेरात केलेली दुरुस्ती. सुलह, सालेह, सलाहियत हे याच धातूचे शब्द. शतकानुशतके कवी असेच शिकले. मुन्शी हरगोपाल तफ्ता हे मिर्झा गालिबचे लाडके शागिर्द. त्यांच्या आणि इतरांच्या कवितांवर गालिबने जे लिहून कळवले त्यातले बरेच गालिबच्या पत्रसंग्रहांत सापडते. दाग देहलवी हैदराबादला सहाव्या निजामांचे उस्ताद झाले आणि १९०५मध्ये वारले तोपर्यंत त्यांच्याकडे देशभरातून गझलांची पाकिटे येत. तरुण इक्बालनेही टपालानेच आपल्या गझला त्यांना पाठवल्या होत्या. थोड्याच दिवसांत दागांनी कळवले की आता दुरुस्तीची फारशी गरज नाही. हे शेवटचे आम्हाला फार मोलाचे वाटते. पेन कधी खाली ठेवायचे हे त्या उस्तादाला कळत होते.

इस्लाह शक्य होती, कारण गझलेचे कायदे दोघांनाही माहीत होते. पहिल्या शेरात, म्हणजे मतल्यात, दोन्ही ओळींना काफिया आणि रदीफ हवा. पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत तो यायलाच हवा. बहर एकच. प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा, शेजाऱ्याच्या आधाराशिवाय. शेवटी मक्त्यात कवीचे तखल्लुस. उस्तादाने ‘इथे वजन सुटले’ असे लिहिले तर शागिर्दाला मात्रा मोजून पाहता येत होत्या. उस्ताद चुकला तर तेही दिसे. मराठीत सुरेश भटांनी नव्या कवींसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली ती याचसाठी, की नियम सर्वांसमोर असावेत. दापोलीचे बदीउज्जमा खावर उर्दू आणि मराठी दोन्हींत गझल लिहीत. ‘माझिया गझला मराठी’ हा त्यांचा संग्रह. सांगलीकडचे इलाही जमादार तर मराठी गझलेच्या प्रत्येक मैफलीत हवेसे नाव. भाषा बदलली तरी कायदा तोच, त्यामुळे ही माणसे सहज इकडून तिकडे जाऊ शकली.

गोष्टीचे तसे नसते. कथेचा काफिया कुणी ठरवलेला नाही. मग संपादक काय करतो? आपल्या सवयींनाच कायदा समजतो. आमच्या सवयी आम्ही त्या दिवशी चाचांच्या ओट्यावर बसून मोजल्या. गोष्ट पावसाने किंवा पहाटेने सुरू व्हावी. घरातली आई सोशिक असावी आणि तिने विनोद करू नये. गोष्टीतला मुसलमान माणूस एक तर फार नेक असावा किंवा फार सोसलेला. मधल्या माणसाला जागा नाही. शेवटी डोळे पाणावावेत. आणि तात्पर्य वाचकाच्या हातात द्यावे, न जाणो त्याला कळले नाही तर! यातला एकही नियम कुठे लिहिलेला नाही. पण इतकी वर्षे आम्ही नव्या लेखकांच्या गोष्टी त्यात कोंबत आलो, आणि त्यांनी आभार मानले. बाजींनी मानले नाहीत एवढेच.

दखनी बोलीबद्दलची सवय याहून जुनी आणि वाईट आहे. मराठी नाटकांत, सिनेमांत मुसलमान पात्र आले की ते मोडक्या हिंदी-मराठीत बोलणार आणि प्रेक्षक हसणार, असा एक संकेतच पडून गेला आहे. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत त्यावरून चिडवून घेतले आहे. आम्हीही घेतले आहे. बाजींचे संवाद बदलताना ‘मुलांना कळावे’ हे कारण आम्ही पुढे केले, पण खरे सांगायचे तर मनात शरम होती. आईसारखे बोलणे छापून आले तर लोक हसतील, ही शरम.

‘नक्को’बद्दल मात्र आम्हाला आमचीच कीव आली. दखनीतला ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’वरूनच आलेला आहे. हैदराबादपासून गुलबर्ग्यापर्यंत मुसलमान घरांत रोज जो शब्द बोलला जातो तो मूळचा आपल्या मराठीचा. ‘मेराच’, ‘वईच’ यातला ‘च’सुद्धा मराठीचा, ‘माझंच’ मधला तोच ‘च’. दखनवर शेकडो वर्षे दोन भाषा एकाच ओट्यावर बसल्या त्याची ही खूण. आणि आम्ही, मराठीतून मासिक काढणारे मुसलमान, ती खूण अशुद्ध म्हणून पुसत होतो.

चाचा म्हणाले, ‘तुम पैले नहीं.’ आणि त्यांनी वलीचे नाव काढले.

वली दकनी, ज्यांना वली औरंगाबादीही म्हणतात, आपल्याच मुलखाचे. १७२०च्या सुमारास त्यांचा दीवान दिल्लीत पोहोचला. तोवर दिल्लीचे मोठे कवी फारसीत लिहिण्यातच इज्जत मानत. दखनी माणसाच्या बोलीतली गझल ऐकून ते चकित झाले आणि स्वतः त्या भाषेत लिहू लागले. उर्दू शायरीचे दिल्लीतले दिवस तिथून सुरू होतात. पण मग काय झाले? पुढच्या पन्नास वर्षांच्या आत त्याच दिल्लीने भाषा ‘साफ’ करायला घेतली. शाह हातिम हे तिथले मोठे उस्ताद, सौदासारख्या कवीचे गुरू. त्यांनी १७५०च्या दशकात आपलाच जुना दीवान पुन्हा हाती घेतला, चाळला, शब्द बदलले, आणि नव्या दीवानला नाव दिले ‘दीवानजादा’, दीवानचे लेकरू. आता कोणते शब्द आपण वापरत नाही हे त्यांनी प्रस्तावनेत सांगून टाकले. त्यात ‘नैन’ होता, ‘जग’ होता. बाजारातल्या, घरातल्या बायकांच्या तोंडचे शब्द गेले आणि फारसी-अरबी शब्द खुर्चीवर बसले. ज्या बोलीने दिल्लीला कविता दिली तिला दिल्लीने गावंढळ ठरवले.

आता मराठीकडे या. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक. १९२५मध्ये त्यांनी फारसी-मराठी कोश दिला, १९३३मध्ये ‘गज्जलांजलि’. फारसी वृत्ते आणि शब्द मराठीत आणण्याचे एवढे काम क्वचितच कुणी केले असेल. पण पुढे तेच भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले आणि १९३८मध्ये त्यांचे ‘भाषाशुद्धि-विवेक’ आले. माणूस विद्वान, हेतूही प्रामाणिक. तरी त्या चळवळीने मराठीतून जे शब्द काढायचे म्हटले ते आपल्या घरातले होते.

दिल्लीने मराठी-हिंदी वळणाचे शब्द काढले, पुण्या-मुंबईने फारसी-अरबी काढले. मराठवाड्यातल्या मुसलमान घराची बोली या दोन्हींच्या बरोबर मध्ये उभी. तिच्यावर दोन्हीकडून लाल पेन. आमच्या कार्यालयातल्या दोन टेबलांनी, काहीही ठाऊक नसताना, अडीचशे वर्षांचा हा सगळा उद्योग एका दुपारी उरकला होता.

सेलूच्या पलीकडे, रेल्वेच्या रुळाला लागून सातोना गाव आहे. मराठीतले मोठे कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ १९१३मध्ये तिथे जन्मले. शिक्षण हैदराबादला, नोकरी निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात, म्हणजे दिवसभर उर्दू कागद. १९५३मध्ये परभणीच्या कचेरीतच त्यांना मृत्यू आला. त्यांच्या कथासंग्रहांची नावे पाहा, ‘साकी’, ‘फकिराची कांबळी’. सातोन्याच्या कुलकर्णी घराण्यातल्या माणसाला हे शब्द परके वाटले नाहीत. हा मुलूखच तसा. आम्ही मुसलमान असूनच जास्त सोवळे झालो होतो.

मात्र एक शंका मनात होती, ती आम्ही बोलून दाखवली. बोलीत लिहिलेले दूरच्या वाचकाला कळणार कसे? रत्नागिरीच्या मुलीला ‘उसपो’ म्हणजे ‘त्यावर’ हे कोण सांगणार? बाजींनी उत्तर दिले, आणि ते आम्हाला सुचायला हवे होते. ‘बहिणाबाईंच्या कविता आम्ही शाळेत शिकलो. ती बोली परभणीची नव्हती. सर अर्थ सांगायचे.’ खरेच आहे. बहिणाबाई चौधरी १९५१मध्ये गेल्या. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, त्यांच्या कविता जपल्या होत्या. १९५२मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले ते खानदेशातल्या त्यांच्या बोलीतच. कुणी ती पुणेरी केली असती तर आज ते पुस्तक कुणाच्या घरात असते? लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईच्या शब्दांसाठी मराठी वाचकाने थोडी तसदी घेतली. आपल्या अम्मी-नानींसाठी तो घेणारच नाही, असे आम्ही आधीच का धरून चालावे?

१९९०मध्ये सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यालाही आता तीन दशकांहून जास्त काळ लोटला. मुसलमान मराठीत लिहितात हे सांगण्यात ती पहिली वर्षे गेली. कसे लिहितात, हा प्रश्न आता पुढे येतो आहे.

एवढे बोलून झाल्यावर आम्हाला वाटले, आता बाजी म्हणतील की गोष्ट होती तशीच छापा. त्या तसे म्हणाल्या नाहीत. त्यांनी आतून मूळ लाँगबुक आणले. त्यात ही गोष्ट तीन वेळा लिहिलेली होती. आमच्याकडे आली ती तिसरी. पहिल्या खेपेत थाळीच नव्हती. दुसऱ्या खेपेत थाळी परत आणून देणारा एक मुलगा होता. तिसऱ्यात तो मुलगा गेला, ‘कारण तो आलाच नव्हता.’

दुरुस्तीला त्यांचा विरोध नव्हताच. आमच्यापेक्षा जास्त दुरुस्ती त्यांनी स्वतः केली होती.

चाचांनी इथे एक गंमत सांगितली. मसुदा हा शब्द आपण तहसीलीतही वापरतो, सभेच्या ठरावालाही वापरतो. तो अरबी. मूळ अर्थ ‘काळे केलेले’. हजरे अस्वद म्हणतो आपण, त्यातल्या ‘अस्वद’शी त्याचे नाते. खाडाखोडीने काळा झालेला कागद तो मसुदा. त्यावरून स्वच्छ प्रत करायची तिला अरबीत पांढरे करणे म्हणतात. शायर ज्या वहीत निवडक शेर उतरवतो ती बयाज, तिच्यातही तोच पांढरेपणा. आपल्या आलिमांनी हा काळ्या-पांढऱ्याचा धंदा जन्मभर केला. इमाम शाफईंनी ‘रिसाला’ एकदा लिहिले आणि पुढे मिसरमध्ये गेल्यावर पुन्हा लिहिले. आज हाती आहे ते हे दुसरे. किताबतीच्या काळात प्रत उतरवून झाली की मूळ आणि नक्कल समोरासमोर ठेवून वाचायची शिस्त होती, तिला मुकाबला म्हणत. गालिबने १८४१मध्ये आपला उर्दू दीवान छापला तो निवडून, सुमारे ११०० शेरांचा. किती गाळले ते जगाला पुष्कळ नंतर कळले. त्यांच्या तरुणपणचे, १८२१चे हस्तलिखित भोपाळला सापडले आणि १९२१मध्ये ‘नुस्खा-ए-हमीदिया’ म्हणून छापले गेले, तेव्हा. गाळलेल्यातले काही शेर आज लोकांना तोंडपाठ आहेत, ही गोष्ट वेगळी. गालिबचीही कात्री कधी कधी जास्त चालली असे म्हणायला आमची हरकत नाही.

आमचा मुकाबला दुकानाच्या ओट्यावर झाला. एका बाजूला त्यांची नऊ पाने, दुसऱ्या बाजूला आमचे छापील पान. बाजी वाचत, आम्ही ऐकत. मोठ्याने वाचले की खोटे वाक्य लगेच कळते, वाचणाराच अडखळतो. ड्रायव्हरकाकांच्या परिच्छेदाशी बाजी अडखळल्याही नाहीत, त्यांनी तो वाचलाच नाही. कंडक्टर तिकिटांची पेटी उशाला घेऊन झोपतो हे आमच्या पानात नव्हते, ते परत आले. त्यांच्या भावाला मध्येच ट्रकचा टायर काढायला जावे लागे आणि तो परत आला की विचारी, ‘अम्मी अभी बोली क्या?’

पावसाचे अर्धे पान आले. आम्ही गप्प राहिलो. बाजींनी ते वाचले, थांबल्या, आणि म्हणाल्या, ‘हे मी नाही लिहिले. हे निबंधाच्या वहीतले आहे. आकाशात काळे ढग जमले होते, वगैरे. दहावीला यावर सहा मार्क मिळायचे.’ त्यांनी स्वतः आडवी रेघ मारली. आता गोष्ट आईच्या ‘कित्ते लोगां हैं?’ या प्रश्नाने सुरू होते. आम्ही जे जपले ते जायला हवे होते आणि आम्ही जे काढले ते राहायला हवे होते. नऊ पानांत एवढा नेमका उलटा निकाल लावणे सोपे नाही.

दोन ठिकाणी मात्र आम्ही हटून बसलो. आई चुलीपाशी एकटी असताना तिच्या मनात काय चालले ते एका परिच्छेदात लिहिले होते. आम्ही म्हणालो, सांगणारी मुलगी आठ वर्षांची, ती पत्र्याखाली प्रवाशांत बसली आहे. तिला आईच्या मनातले कसे कळले? गोष्ट एका नजरेतून सांगायची ठरली तर ती नजर सोडू नये, हा कथेतला जुना संकेत आहे आणि तो सवयीतला नव्हे, कामाचा आहे. बाजींनी बराच विचार केला. मग तो परिच्छेद काढला आणि एकच वाक्य घातले : आतून भांड्यांचा आवाज यायचा थांबला होता. आम्हाला ते मूळपेक्षा कितीतरी चांगले वाटले. दुसरे, ‘जहेज’. त्यांनी लिहिले होते ‘जहेजची थाळी’. आम्ही विचारले, वाचकाला वाटेल मोठा हुंडा दिला असेल. खरे काय होते? पाच थाळ्या, पाच वाट्या, एक बदना. तेवढेच लिहा, म्हटले. त्यांनी तेवढेच लिहिले, आणि ‘जहेज’ शब्दही ठेवला.

थाळीवरून आमची भीती पुन्हा वर आली. ती कुणी नेली? आम्ही पुन्हा म्हणालो, आजकालचे दिवस असे आहेत. बाजी म्हणाल्या, ‘त्या गाडीत सगळेच होते. आमच्याच मामांच्या गावचे तिघे होते. अम्मीने कुणाचे नाव घेतले नाही, मी कशी घेऊ? पण थाळी गेली नाही असे कसे लिहू? मग अम्मीने ते वाक्य कशावर म्हटले?’

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. चाचा इतका वेळ डोळे मिटून ऐकत होते. ते म्हणाले, ‘मक्ता है वो. मक्ते में शायर का नाम आता है. थाली पो नाम है ना.’

संध्याकाळी निघताना बाजींनी त्या पाचांपैकी उरलेल्या चार थाळ्या दाखवल्या. कडेला बारीक टिंबा-टिंबांनी कोरलेले नाव. अक्षरे मराठी, सेलूच्या भांड्यांच्या दुकानात घातलेली. घासून घासून दोन थाळ्यांवरची तर आता वाचताही येत नाहीत. आम्ही बोट फिरवून पाहिले, बोटाला मात्र लागतात.

गोष्ट या अंकात पान उलटल्यावर आहे. ‘नक्को’ जिथे होता तिथे आहे. तळाला शब्दार्थ दिले आहेत, एकूण अकरा. त्यांतले चार बाजींनीच सांगितले की द्यायची गरज नाही, पण आम्ही दिले. लेखिकेचे नाव त्यांच्या इच्छेप्रमाणे छापलेले नाही, फक्त गाव आहे.

पाने छापायला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बाजींचा फोन आला. त्यांच्या खालाने गोष्ट ऐकली होती. खाला त्या रात्री घरातच होत्या. त्यांचे म्हणणे, खिचडी मुगाची नव्हती, तुरीच्या डाळीची होती. मूग आदल्या दिवशीच संपला होता आणि त्यावरून अम्मी-अब्बांचे भांडणही झाले होते. आम्ही सांगितले, बाजी, आता पान गेले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘भांडण झाले होते हे मला माहीत नव्हते. वही काढते.’